अलीकडची कडी

१९७८ साली मला सगळ्यांचा राग यायचा.

थोरल्या भावाचा, कारण माझ्या कामाला तो 'तिचा छंद' म्हणायचा. आत्याचा, कारण आल्यागेल्याला ती माझ्यादेखत विचारायची, "तुमच्या पाहण्यात कुणी आहे का हो?" ज्यांच्या हाताखाली घरांचे नकाशे काढून काढून मी डोळे फोडून घेतले त्या साहेबांचा, कारण नकाशा माझा आणि खाली सही त्यांची. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. म्हणोत बापडे. मी सत्तरी ओलांडली, अजून वाट बघतेय.

त्या साली पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावावर काम मिळालं. आमच्या शहरातलं संग्रहालय तलवारी-मुकुटांचं नव्हतं. तिथे कुलपं, दिवे, फण्या, अडकित्ते, पाळण्यावरची खेळणी असं घरातलंच सामान होतं. त्यांनी नवा स्वागतकक्ष बांधला होता आणि त्याच्या मधोमध काहीतरी हवं होतं.

"येणारा माणूस बघत राहील असं काहीतरी करा," संचालक म्हणाले.

"बघत कशाला? हात लावील असं करू."

ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

मापं घ्यायला गेले तेव्हा त्या रिकाम्या दालनात भिंतीला टेकवून एक जुना दरवाजा ठेवला होता. त्याला जाड लोखंडी कडी. कितीतरी हातांनी धरून धरून ती मधोमध झिजली होती, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. मी ती अलगद उचलली...

"हात!"

दचकून माझी टेप सुटली आणि खर्रकन आत गेली. मागे एक उंच, लांबोडका तरुण उभा होता. पांढरा कोट, पांढरे हातमोजे, आणि मी कुणाचा तरी गळा दाबताना सापडल्यासारखा चेहरा.

"काय झालं माझ्या हाताला?"

"हात लावायचा नाही. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि मीठ लोखंड खातं."

"मग इतकी वर्षं त्या घरातले लोक काय चिमट्यानं कडी काढत होते?"

"तेव्हा ते दार होतं," तो शांतपणे म्हणाला. "आता ती वस्तू आहे."

त्या शांतपणाचा मला इतका राग आला, की काय करायचं ते मला तिथल्या तिथे कळलं.

आठवड्याभरात मी आराखडा नेऊन दिला. दालनाच्या मधोमध भिंतीसारखी, आतून पोकळ अशी लाकडी चौकट उभी करायची. तिच्या दोन्ही अंगांना जुन्या घरांच्या कड्या आणि लहान लहान खिडक्या. कडी उचलली की आतली तार ओढली जायची आणि कुठलीतरी खिडकी टपकन उघडायची. तीत एखादी वस्तू असायची, कुठे दिवा, कुठे फणी, कुठे लाकडी घोडा. कोणत्या कडीनं कोणती खिडकी उघडेल ते उचलल्याशिवाय कळायचं नाही.

संचालकांनी आराखडा उलटसुलट पाहिला आणि कोपऱ्यातल्या एका उंच गाठोड्यावरची चादर ओढली. आत देणगीदारांच्या वडिलांचा अर्धपुतळा होता. संगमरवरी, मिशांसकट.

"उद्घाटनाला खुद्द देणगीदार येणार आहेत. त्यांच्यासमोर तुमचं यंत्र चाललं तर ठीक. नाही चाललं तर ते गोदामात, आणि वडील मधोमध. आणि हो, कड्या आमच्या संग्रहातल्या असल्यामुळे त्या आमचा माणूसच बसवेल."

आमचा माणूस म्हणजे कोण, ते सांगायला नकोच.

"म्हणजे तुम्ही," मी म्हटलं.

"म्हणजे मी," हातमोजे म्हणाले. माझ्या मनात त्याचं नाव तेच पडलं होतं. "मलाही काही आनंद झालेला नाही."

"आणि इथे 'हात लावू नये' अशी पाटी लागली तर मी ती तुमच्या डोक्यात घालीन."

"बाई, संग्रहालयात काडेपेटी आणायला मनाई आहे."

"माझ्याकडे कुठे आहे काडेपेटी?"

"तुम्हीच आहात की!"

त्या दिवसापासून मी काडेपेटी आणि तो हातमोजे.

काम सुरू झालं. सुतारकाकांनी चौकट उभी केली. सबंध दालनात रंध्याच्या भुश्याचा आणि जवसाच्या तेलाचा वास भरून राहिला. मी दालनाच्या दारापाशी टेबल मांडून बसायचे. तो आतल्या बाजूला, गोदामाच्या तोंडाशी. मधे ती चौकट. आम्ही एकमेकांना दिसायचो नाही, फक्त ऐकू यायचो. भांडायला ते पुरेसं होतं.

"ही तार फार ताणलीय!"

"तुमच्यासारखीच आहे. सैल सोडली की चालेल."

"तुमचं काम बघा."

"बघतोच आहे... पण मधे लाकूड येतंय."

माझे कान गरम झाले होते, हे खरं. त्याचासुद्धा मला रागच आला.

एकदा तारेचं टोक माझ्या बोटात घुसलं. मी 'आई गं' म्हटलं असेन, नसेन, तो चौकटीला वळसा घालून आलासुद्धा. जुन्या वस्तू गुंडाळायचं मलमलीचं मऊ कापड त्याच्या खिशात असायचं. त्यानं माझं बोट त्यात गुंडाळलं, इतकं हळू, की जणू ते फुटेल.

"नोंदणी क्रमांक घालू का?" त्यानं विचारलं.

"हातमोजे न काढता रक्त पुसताय. किती ती काळजी स्वतःच्या हातांची!"

तो नुसता बघत राहिला — बोटाकडे नव्हे. मग खाली मान घालून परत पलीकडे गेला.

पलीकडे. हा शब्दच आमच्या मुळावर आला.

तारा खूप होत्या, म्हणून ठरलं की प्रत्येकीला खूण बांधायची. अलीकडच्या बाजूला 'अ', पलीकडच्या बाजूला 'प'. कड्यांच्या टोकांना खुणा मी बांधल्या, खिडक्यांच्या टोकांना त्यानं. मग सुतारकाकांनी 'अ'ला 'अ' आणि 'प'ला 'प' जोडून वरून फळ्या ठोकल्या, सरस भरला, कायमचं बंद करून टाकलं.

उद्घाटनाच्या सकाळी मी नवी साडी नेसून आले आणि माझ्या बाजूची पहिली कडी उचलली. काही झालं नाही. दुसरी उचलली. काही नाही. तिसरी, चौथी... एकही खिडकी हलेना.

"अहो! एकही चालत नाहीये!"

पलीकडून त्याचा आवाज आला, गोंधळलेला. "चालतायत की! इथे सगळ्या खिडक्या पटापट उघडतायत. पण मी हातसुद्धा लावलेला नाही..."

मी ओरडले, "अलीकडची बाजू म्हणजे कुठली धरलीत तुम्ही?"

"अलीकडची म्हणजे... इकडची. मी बसतो ती."

"अलीकडची म्हणजे दाराकडची! मी बसते ती!"

"ती माझ्यासाठी पलीकडची झाली ना?"

"शहाण्या, माणसं दारातून येतात! ती काय तुझ्या गोदामातून येणार आहेत?"

रागाच्या भरात अहो-जाहो कधी गळून पडलं ते मला कळलंही नाही. त्याला कळलं. कारण पलीकडून उत्तर आलं, ते एकदम हळू: "पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हण? शहाण्या? शहाण्या! मूर्खा! माझं पहिलं काम आहे हे! संध्याकाळी तो मिशाळ संगमरवर इथे येऊन बसेल आणि माझा भाऊ म्हणेल, झाला ना छंद पुरा?"

मी कपाळ त्या लाकडावर टेकवलं. मला त्याचा, माझा, सगळ्या मराठी भाषेचा राग आला होता. कुठे उभं राहून बोलतो त्यावर ज्याचा अर्थ बदलतो, असा शब्द माणसांनी ठेवलाच कशाला?

तेवढ्यात माझ्यासमोरची एक खिडकी टपकन उघडली. आतला लाकडी घोडा माझ्याकडे बघत होता. मग शेजारची उघडली, फणी. मग वरची, दिवा. पलीकडे तो एकेक कडी उचलत होता.

"फळ्या उचकटायला वेळ नाही," तो म्हणाला. "पण काडेपेटी, खरं सांग. स्वतः उघडण्यापेक्षा हे बरं नाही का? आपल्यासाठी पलीकडून कुणीतरी उघडतंय..."

"बरं बिरं काही नाही. चूक आहे ती."

"आहे," तो म्हणाला. "तुझी."

पाहुणे आले. देणगीदार म्हणजे कपाळावर कायमची आठी असलेले गृहस्थ. संचालकांनी त्यांना मोठ्या आदरानं चौकटीसमोर आणलं. "उचला साहेब, कडी उचला." साहेबांनी उचलली. शुकशुकाट. पुन्हा उचलली. संचालकांचा चेहरा लाल, मग पांढरा. भाऊ घड्याळ बघू लागला. माझ्या पदराचा पिळा झाला होता.

आणि पलीकडून एक बाईमाणसाचा आवाज आला, "अगबाई! कोण उघडतंय हे?"

साहेबांच्या पत्नी. मोठ्या लोकांमागे रेंगाळत त्या उलट्या बाजूला गेल्या होत्या, आणि हातमोजे त्यांच्या जवळ उभे होते. ते योगायोगानं तिथे नव्हते, हे मला नंतर कळलं.

"मी उघडतोय," साहेब म्हणाले.

"तुम्ही? माझ्यासाठी? आणि काहीतरीच!" त्या हसल्या आणि त्यांनी त्यांच्याकडची कडी उचलली. साहेबांच्या नाकासमोर दिव्याची खिडकी उघडली. मग काय विचारता! साहेब वाकून, चवड्यांवर उभे राहून कड्या उचलायला लागले. "आता काय आलं?" "खेळणं! आता तुम्ही बघा!" भाषणं तशीच राहिली. कपाळावरची आठी कुठे गेली कोण जाणे. जाताना ते संचालकांना म्हणाले, "वडिलांना बागेत ठेवा. त्यांना मोकळी हवा आवडायची."

संचालक माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, कशी आमची कल्पना!" मी त्यांना मारलं नाही, एवढंच.

सगळे चहाला गेले. मी एकटीच माझ्या बाजूला उभी होते, अजून फणफणत. मधली एक खिडकी रिकामी होती. तिच्यात एक चांदीचा आरसा यायचा होता, पण 'फार मौल्यवान' म्हणून संचालकांनी तो कपाटातच ठेवला. ती जागा आरपार पोकळ होती, दोन्हीकडे झडपा.

माझ्याकडची झडप उघडली.

"तूही तुझ्याकडची ती कडी उचल," पलीकडून आवाज आला. "फणीखालची."

मी उचलली. त्याच्याकडची झडप उघडली, आणि त्या चौकोनात एक डोळा, अर्धी भुवई, आणि खूप घाबरलेलं असं काहीतरी दिसलं.

"चूक तुझी आहे," मी म्हटलं.

"बरं."

"बरं काय? भांड की!"

"भांडेन. जन्मभर भांडेन, तू म्हणशील तर..." आणि त्या पोकळीतून त्यानं हात पुढे केला. हातमोजा नव्हता. लांब बोटांचा, घाम आलेला, साधा हात.

"घामात मीठ असतं," मी म्हटलं.

"खाऊ दे."

मी हात लावला.

भाऊ पुढे बरीच वर्षं 'छंद'च म्हणत राहिला. मग एके दिवशी मी त्याला नातवंडांबरोबर त्या कड्यांच्या रांगेत मुकाट्यानं उभा पाहिला. आत्या शेवटपर्यंत सगळं श्रेय स्वतःकडे घ्यायची. "मी म्हणतच होते ना, पाहण्यात कुणी आहे का? होता की, खिडकीतून पाहण्यात!" सुतारकाकांनी आमच्या घराची दारं केली. एक आत उघडतं, एक बाहेर, कारण आम्ही दोघांनी त्यांना वेगवेगळं सांगितलं होतं. देणगीदार साहेबांच्या पत्नी वर्षातून एकदा येत, पुढे एकट्या येत, आणि पलीकडे कुणीतरी उभं राहीपर्यंत थांबत. संचालक मोठ्या पदावर गेले, आणि प्रत्येक भाषणात 'आमची कल्पना' म्हणत राहिले. ते वारले तेव्हा मी शोकसभेला गेले नाही. बागेतल्या मिशांवर कबुतरं बसतात.

आम्ही भांडलो. रागात 'तू' आणि एरवी 'अहो', असा माझा नेम होता, त्यामुळे तो बहुतेक 'तू'च राहिला.

काही वर्षांपूर्वी संग्रहालयात नवे लोक आले. त्यांनी आमच्या चौकटीभोवती काच घातली आणि पाटी लावली: 'ऐतिहासिक वस्तू. हात लावू नये.' मी दालनात उभी राहून जे तोंड सोडलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. हा मात्र शांत. दुसऱ्या दिवशी खिशात पेचकस घालून गेला. आयुष्यभर वस्तू काचेत घालणारा माणूस म्हातारपणी खाली बसून एकेक स्क्रू काढायला लागला. रखवालदार धावत आला. "आजोबा, अहो ती वस्तू आहे!"

"छे," तो म्हणाला. "दार आहे ते."

काच पुन्हा बसवण्याची कुणाची छाती झाली नाही.

गेल्या वर्षी तो गेला. माझ्याआधी जायचं नाही असं बजावलं होतं, तरी गेला. त्याचा मला भयंकर राग आहे. भेटायला येणारे मान हलवून म्हणतात, ते पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. मी ऐकून घेते. तो असता तर लगेच म्हणाला असता, पलीकडे तर तू आहेस!

अजून मी तिथे जाते. दाराकडच्या बाजूला उभी राहते आणि फणीखालची कडी उचलते. माझ्याकडे काही उघडत नाही. पलीकडे कुणीतरी हसतं, कुणी का असेना. मग मी वाट बघत थांबते.

आणि मनातल्या मनात त्याला बजावते — ऐक, अलीकडची बाजू म्हणजे मी उभी असते ती. आता तरी कबूल कर.