पेटीवर बसलेली आई

मामाचा जन्म हॉस्पिटलची गाडी चालवण्यात गेला. जेवणं झाली की आम्ही भाचरं त्याला घेरून बसतो.

"मामा, भुताची सांग. पण खरी."

"मी काही ऐकलं नाही बाबांनो. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं. मी गाडीत घोरत होतो."

"तुझ्या घोरण्याला भूतच भ्यायलं असेल."

मामा हसला नाही. त्याने सांगितलं ते असं.

मनोविकारांच्या वॉर्डात एक माणूस आणला होता. देखणा, गोडबोल्या. सगळ्या नर्सबाईंना ताई म्हणायचा. शेजाऱ्याला इतकं मारलं होतं की त्याचे दोन्ही डोळे गेले. कोर्टात मात्र सांगायचा, "कानात आवाज येतात, तेच माझ्याकडून करवतात." कोर्टाने डॉक्टरांना विचारलं, हा खरंच वेडा आहे का? वेडा ठरला तर चार महिने औषधं घेऊन घरी. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. बायको डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "तो परत आला तर आम्ही दोघींनी कुठे जायचं, तेवढं सांगा."

डॉक्टरांना आवाजांची गोष्ट पटत नव्हती. त्यांचा संशय होता समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराचा. म्हणजे शुद्ध जागेवर असते, पण दुसऱ्याच्या दुखण्याचं काही वाटतच नाही. आता हे निदान मोठ्या माणसाच्या नुसत्या आजच्या वागण्यावरून करता येत नाही. पंधरा वर्षांच्या आतच त्याची लक्षणं दिसलेली असावी लागतात. आणि त्याच्या तोंडचं ऐकून भागत नाही, कारण तो थापाच मारणार. त्याचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी हवं. तशी एक आईच उरली होती.

डिसेंबरातला रविवार. कडाक्याची थंडी. कोर्टाची तारीख सोमवारी. रात्री साडेआठला आम्ही तिच्या दारात पोचलो. मी गाडीतच थांबलो. आत काय झालं ते डॉक्टरांनी परतताना सांगितलं.

एका खोलीचं घर. म्हातारी लोखंडी पेटीवर बसली होती. उठली नाही. हातानेच खुर्ची दाखवली.

"लहानपणी कसा होता तो, आजी?"

"गुणाचा."

"मारामाऱ्या करायचा?"

"मुंगीसुद्धा मारली नाही त्याने."

"मांजराचं पिल्लू जाळलं," कुणीतरी म्हणालं.

बारीक आवाज. लहान मुलाचा. डॉक्टरांना वाटलं, शेजारचं पोर असेल खिडकीशी. म्हातारीने मान वर केली नाही. पेटीची कड मात्र घट्ट धरली.

"चोऱ्या? खोटं बोलणं?"

"कधीच नाही."

"बाबांचं घड्याळ विकलं. नाव माझं सांगितलं."

डॉक्टर उठले. खिडकी बंद होती. बाहेर कुणी नव्हतं. आवाज... खालून येत होता. म्हातारीच्या खालून.

"आजी, कोण आहे?"

"कुणी नाही."

डॉक्टरांचं आयुष्य लोकांना प्रश्न विचारण्यात गेलेलं. आताही तोंडून प्रश्नच आला.

"तुला... त्याने कधी त्रास दिला?"



"एकदाच."

डॉक्टर पेटीकडे वाकले.

"आई... आता ऊठ ना."

म्हातारी उठली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग बोलली. धाकटा मुलगा आठ वर्षांचा होता, हा थोरला बाराचा. थोरल्याने त्याला पेटीत घातलं, कडी लावली आणि वर बसून गाणी म्हणत राहिला. ती बाजारातून आली तेव्हाही म्हणतच होता. तिने लोकांना सांगितलं, पोर लपायला गेलं आणि झाकण पडलं.

"एक गेला होता, डॉक्टर. दुसरा कसा देऊ?"

"हे लिहू मी?"

"लिहा. त्याची पोरगी लहान आहे..."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कोर्टात तसंच लिहून दिलं. तो तुरुंगात गेला. त्याची बायको आणि मुलगी आजही आपल्याच घरात आहेत.

मामा उठायला लागला.

"आणि पेटी?" मी विचारलं.

"म्हातारीला आपलं आपण उठवेना. तिला उठवायला डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आम्ही तिला खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं. आत चादरी होत्या. कोरड्या. वरपर्यंत भरलेल्या."

"मग?"

"झाकणाला आतून वाफ धरली होती. काचेला तोंड लावून श्वास सोडला की दिसते ना, तशी. एवढीशी... आम्ही बघत उभे राहिलो. वाफ हळूहळू पुसट झाली..."

मामाने आमच्याकडे पाहिलं नाही.

"...आणि पुन्हा आली."