रिकाम्या खुर्चीवरची बासरी

"ऐकायचं असेल, तर मोबाइल पालथे ठेवा," हरीशकाका म्हणाले. लंडनमधल्या पिनर भागातल्या त्यांच्या घरात रात्रीची जेवणे आटोपली होती. पुतणी वरदा आणि तिचा भाऊ साकेत सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. "गोष्ट माझ्या मित्राची, विनयची. घडलेली. गेल्या नोव्हेंबरातली सतरा तारीख, सोमवार."

त्या संध्याकाळी विनय हाउन्सलोहून कॅमडेनला गेला, तो केवळ दुरुस्तीला दिलेली एक बासरी परत आणण्यासाठी. बासरी त्याच्या पत्नीची, सुनीतीची. हॅरोत वाढलेल्या सुनीतीला शेजारच्या आयरिश आजींनी ती लाकडी बासरी शिकवली होती, आणि जाता जाता एक धूनही दिली होती, जी दुसऱ्या कोणालाच येत नसे. आयरिश धुनांना बहुधा दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. लग्नानंतर विनयने पहिला भाग व्हायोलिनवर उचलला. दुसरा सुनीतीने स्वतःकडे ठेवला. "हा माझा. तू हात लावायचा नाहीस," ती म्हणे.

सुनीती जाऊन तीन वर्षे झाली, आणि दुसरा भाग विनयला आठवेना.

"काका, रेकॉर्डिंग नव्हतं?" वरदाने विचारले.

"नव्हतं गं. माणूस घरात असताना कोण रेकॉर्ड करतं?"

वर्षभरात विनयने लंडनमधले चौदा पब पालथे घातले. आयरिश वादक जमत तिथे तो व्हायोलिन घेऊन जाई, पहिला भाग वाजवी आणि याचकासारखा एकेकाच्या तोंडाकडे पाही. नकारार्थी माना हलत. घरी रात्र रात्र तो त्याच वळणावर येऊन अडे. "तिचा चेहरा विसरलो असतो तरी सोसलं असतं रे," तो काकांना म्हणाला होता, "पण हे नाही."

दुरुस्ती करणाऱ्याने पेटी त्याच्या हाती दिली. "तेल पाजलंय. पण तीन वर्षांत हिच्यात फुंकर गेलेली नाही. आतून ठणठणीत कोरडी आहे. आठ दिवस वाजवू नका." मग त्याने पलीकडच्या गल्लीतला एक पब सुचवला. तिथे मागच्या खोलीत दर सोमवारी जुने वादक बसत.

सव्वाआठ वाजले होते. सात वादक वर्तुळात बसले होते. आठवी खुर्ची विनयला मिळाली. हल्ली कायम सोबत असणारे व्हायोलिन त्याने मांडीवर घेतले. नववी रिकामी होती. वाद्य जमिनीवर ठेवायचे नाही, त्याला कोणाचा पाय लागू द्यायचा नाही, हे पुण्यात गुरुजींनी त्याच्या हाडीमाशी भिनवलेले. त्याने बासरीची पेटी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

कॉन्सर्टिना हे भात्याचे छोटे वाद्य मांडीवर घेतलेल्या म्हाताऱ्या डेक्लनने ते पाहिले. त्या वर्तुळात खुर्चीवरच्या वाद्याचा अर्थ एकच होता: वादक जरा बाहेर गेला आहे. जागा धरलेली आहे. तो येणार आहे.

"कोणाची बासरी?"

"माझ्या बायकोची."

"बरं. मग करा सुरुवात. येईल ती."

विनयने पहिला भाग वाजवला. दोनदा. आणि नेहमीच्या जागी... थांबला.



कोणी मान हलवली नाही. सात पाय फरशीवर ठेका धरून होते. सातही नजरा त्या खुर्चीवर. विनयने वळून पाहिले. पेटी बंद. कडी लावलेली. त्याला काहीच ऐकू येत नव्हते. फक्त पाय... ठक... ठक... कोपऱ्यातल्या बाईने डोळे पुसले.

मग डेक्लनने त्याला खूण केली. आता पुन्हा तुम्ही.

त्याने वाजवले. कसेबसे.

"तुमची बायको काय वाजवते हो!" डेक्लन म्हणाला.

विनय उठला. "काय वाजवलं तिने? मला... मला नाही ऐकू आलं. वाजवून दाखवा. पाया पडतो तुमच्या!"

डेक्लनने कॉन्सर्टिनावर बोटे ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. इतरांकडे पाहिले.

"एकदा ऐकून कसं जमणार? पुढच्या सोमवारी घेऊन या ना तिला."



"मग?" साकेतने हळूच विचारले.

मग... रस्त्यावर दिव्याखाली विनयने पेटी उघडली. बासरी तीन तुकड्यांत, ठेवली होती तशीच. त्याने तोंडाकडचा तुकडा उचलला. तिरका केला. आतून एक थेंब ओघळला, नुकत्याच वाजवून झालेल्या बासरीतून ओघळतो तसा. तळहातावर पडला.

कोमट होता.