कोपराची खूण

सायकल चौदा महिने भिंतीला टांगलेली होती. त्या दिवशी सकाळी तिने ती खाली काढली, चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिलं. ती हात पुसत होती तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"लाज नाही वाटत?"

"वाटते. घरात बसून ती काही कमी झाली नाही," ती म्हणाली आणि तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

नवरा चौदा महिने मोजूनमापूनच बोलत होता. गेली ती त्याची सख्खी धाकटी बहीण होती.

ही स्वतः चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून लोकांना बोलायला आयतंच मिळालं. म्हणे, हिला भिंगावरचा ओरखडा दिसतो आणि रस्त्यातला खड्डा दिसत नाही! बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? खरी गोष्ट याहून वाईट होती आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. खड्डा तिला दिसला होता.

एकामागे एक सायकली चालल्या की पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि खड्डा आला की हात खाली करून मागच्याला दाखवायचा. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. तो त्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पुढचा दमला की उजवं कोपर हलवतो, मग मागचा उजवीकडून पुढे येतो आणि त्याची पाळी सुरू होते. नणंद मात्र कधी पुढे यायची नाही. "वहिनी, तू वारा खा, मी आराम खाते," असं म्हणून चार वर्षं हिच्या चाकाला चिकटून राहिली. ही तिला शेपूट म्हणायची. अपघाताच्या दिवशी हिने खड्डा चुकवला, पण हँडलवरचा हात काही उचलला गेला नाही. का, ते स्वतःला विचारून विचारून ती थकली होती.

तलावाच्या बांधावरचा तो रस्ता तीन किलोमीटर सरळ. डावीकडे पाणी, कठडा नाही; नणंद खड्ड्यात आदळून इथूनच पाण्यात गेली होती. समोरून वारा, नेहमीसारखा. मांड्या भरून आल्या, दम लागला, तरी तिला बरं वाटत होतं. आपण अजून जिवंत आहोत हे पायांनाच आधी कळलं.

निम्म्या वाटेवर मागून टिकटिक ऐकू आली.

पायडल मारणं थांबवलं की मागचं चाक तशी टिकटिक करतं. शेपूट सतत पाय थांबवायची, कारण हिच्या आडोशाला तिला फुकटचा वेग मिळायचा. पण हिचे पाय तर चालूच होते. तिने वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिने सायकल दुकानात नेली. मिस्त्रीने चाक उचलून फिरवलं, कान लावला.

"ताई, चाक ठणठणीत आहे. तुम्ही पाय मारत असताना हे वाजूच शकत नाही."

"मग मागे दुसरं कुणी असेल."

तो हसला आणि मग हसायचा थांबला.

सायकल परत टांगली असती तर सासूबाईंना हवं तेच झालं असतं. तिसऱ्या दिवशी बांधाला लागताच ती मोठ्याने म्हणाली, "ये. यायचं तर ये. पण रस्ता माझाही आहे."

टिकटिक लगेच सुरू झाली.

तो खड्डा आता बुजवलेला होता, डांबराचा एक काळा चौकोन तेवढा उरला होता. तरी तिने हात खाली नेला आणि तो नीट दाखवला. मागचा आवाज किंचित उजवीकडे सरकला, चौकोनाला वळसा घालून परत मागे आला. तिला तिथेच रडू फुटलं. पण रडत रडत ती पाय मारत राहिली.

वारा वाढला. पाय शिणले. आणि सवयीने, अगदी नकळत, तिचं उजवं कोपर हललं.

टिकटिक उजव्या बाजूने आली. खांद्याजवळून पुढे गेली.

वारा थांबला.

बाजूचं गवत आडवं झोपलं होतं, पण तिच्या अंगाला झुळूकही लागत नव्हती. पाय हलके झाले. चार वर्षांत कधी मिळाला नव्हता असा आडोसा होता तो. समोर कुणी नव्हतं.

मग आडोसा डावीकडे सरकू लागला.

वारा तिच्या उजव्या गालाला लागला. तिला कळलं, पुढे खड्डा असणार. हात दिसत नव्हता, एवढंच. तिने माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आता माझी पाळी, असं म्हणून तीही डावीकडे सरकली. चाकाखाली कडेची खडी वाजू लागली. पाणी हातभर अंतरावर आलं.

तिने उजवीकडे पाहिलं. रस्ता गुळगुळीत होता. खड्डा नव्हता.

आडोसा अजून डावीकडे सरकत होता.

"नाही," ती म्हणाली.

तिने हँडल वळवलं. वारा थोबाडीत बसावा तसा आला. ती त्यात घुसली, दात ओठ खाऊन पुढे निघाली.

"चुकले मी. हात दाखवला नाही. सगळं कबूल आहे. पण पाण्यात येणार नाही, आणि सायकलही सोडणार नाही. मागे चल."

मागे टिकटिक झाली. एकदाच.

शेवटची चढण आली. वर रस्ता उजवीकडे काटकोनात वळत होता, आणि समोर नुसतं पाणी. तिची छाती फुटायला आली होती.

कंबरेच्या वर, पाठीवर एक तळहात टेकला. दमलेल्या जोडीदाराला सायकलवाले असाच हात लावून वर ढकलतात. हात गार होता.

"नको," ती म्हणाली. "माझी मी जाईन."

हात निघाला नाही.

तिने पाय थांबवले. चढण होती, समोरून वारा होता.

सायकलचा वेग कमी झाला नाही.