सहा फळ्या भागिले चार

मे महिन्यात आमच्या पाथरबोडीला असं ऊन पडतं की दगडसुद्धा सावली शोधत फिरतात. एक तर पळसाखाली जाऊन बसलेला मी स्वतः पाहिला आहे. अशा मे महिन्यात, सन २०६३ साली, माझ्या नातीची शेळी रोज दुपारी नाहीशी व्हायची आणि संध्याकाळी हिरवं तोंड घेऊन परत यायची, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने सुरुवातीलाच थाप मारली. दगडाचं राहू द्या. शेळीचं तोंड मात्र खरोखर हिरवं होतं.

माझी नात उन्नती अकरा वर्षांची. तिला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नाही. एका दुपारी डोक्याला ओला पंचा गुंडाळून ती शेळीच्या मागोमाग गेली आणि घामाने निथळत माझ्या चौकीवर आली.

"आबाजी, तुमच्या पाळीच्या पायाशी गवत उगवलंय. हातभर उंच. पळसाची पानं वाळून चाललीत आणि तिथे गवत कुठून?"

मी तिला म्हणालो की माझ्या लहानपणी एका मे महिन्यात आमच्या अंगणातल्या खाटेला पालवी फुटली होती. ती हसली नाही. म्हणाली, गवत एका सरळ पट्ट्यात आहे, वीस पावलं लांब, आणि तिथली माती पायाला गार लागते.

आता 'पाळ' म्हणजे काय ते सांगायला हवं. पाळ म्हणजे तलावाचा बांध. मी हेमराज कापगते, आम्ही जातीने कोहळी. तलाव बांधणं हे आमच्या पूर्वजांचं काम. पाळ किती रुंद हवी, तुडुम (तलावाचं पाणी हवं तेवढंच सोडण्यासाठी केलेली बुचांची मोरी) कुठे बसवायची, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. म्हणून गावाच्या वरच्या खोऱ्यात तांब्याची खाण निघाली आणि तिथल्या बांधाला राखणदार हवा झाला, तेव्हा मीच जाऊन उभा राहिलो. फाटकावर पाटीच होती, 'टेलिंग्ज तलाव'. तलाव म्हटल्यावर कोहळ्याला आणखी काय समजावून सांगायचं?

खाणीत दगड पिठासारखा दळतात. शंभर टोपल्या दगडातून जेमतेम एक टोपली तांबं मिळतं. उरलेल्या नव्व्याण्णव टोपल्या पीठ पाण्यात कालवलेलं असतं, त्याला टेलिंग्ज (धातू काढून घेतल्यावर उरलेला ओला गाळ) म्हणतात. तो खोऱ्यात, उंच भिंतीमागे साठवतात. भिंतीपासून लांब, पार मागे, काँक्रीटचा एक मनोरा आहे. त्याच्या खाचेत आडव्या फळ्या बसवतात. गाळावर तरंगून आलेलं पाणी सगळ्यात वरच्या फळीवरून मनोऱ्यात पडतं आणि कारखान्यात परत जातं. फळी वाढवली की पाणी चढतं, काढली की उतरतं. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तुडुमच की ही.

उन्नतीने माझी वाट पाहिली नाही. तिने सरळ लीना मेश्राम मॅडमना निरोप धाडला. मॅडम म्हणजे बांधाच्या इंजिनिअर. तासाभरात त्या आल्या आणि त्यांच्या मागून खेकडा आला. खेकडा हा सहा पायांचा यंत्रमानव. बांधावर तिरका तिरका चालतो, भिंतीत पुरलेल्या नळ्यांतून आतल्या पाण्याचा दाब मोजतो आणि राखणदाराने सांगितलेल्या नोंदी लिहून घेतो. आमची दोघांची मैत्री होती. रोज सकाळी मी त्याला एक गोष्ट सांगायचो. मी धरलेल्या अठरा फुटी मरळ माशाची गोष्ट त्याने तीनदा ऐकली होती.

मॅडमनी गवत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी टाच रोवली. खळग्यात पाणी जमलं. ते त्यांनी काचेच्या पेल्यात घेतलं आणि उन्हात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"गढूळ आहे का?" उन्नतीने विचारलं.

"किंचित."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझी तंबाखू तळहातावरच राहिली. भिंत थोडी पाझरली तर बिघडत नाही. स्वच्छ पाणी आलं तर समजायचं, भिंतीला घाम आला आहे. पण पाणी गढूळ आलं तर पाण्याबरोबर भिंत बाहेर येते आहे, एकेक कण करून. आतून पोखरत जाते आणि वरून काही दिसत नाही.

मी म्हणालो, गावच्या तलावाच्या पाळीसुद्धा पाझरतात, शंभर वर्षं उभ्या आहेत. मॅडम माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. चौकीतली बादली त्यांनी ओल्या गाळाने भरली, थोपटून सपाट केली आणि वर एक वीट ठेवली. वीट घट्ट बसली. मी तिच्यावर मूठ दाबली, तरी हलली नाही.

"आता बादलीला टिचक्या मार," त्या उन्नतीला म्हणाल्या.

तिने चमच्याने बादलीवर ठोकायला सुरुवात केली. सात-आठ ठोके झाले असतील. डोळ्यांदेखत गाळ चकाकला, थरथरला, आणि वीट डाळीत पापड बुडावा तशी आत गेली. मी आयुष्यभर लोकांना न घडलेल्या गोष्टी सांगून थक्क केलं. आज घडलेल्या गोष्टीने मलाच थक्क केलं.

"याला द्रवीभवन म्हणतात," मॅडम म्हणाल्या. (घट्ट दिसणारा ओला गाळ धक्क्याने एकाएकी पातळ होणं, म्हणजे द्रवीभवन.) गाळाचे कण एकमेकांना टेकून उभे असतात, जत्रेतल्या गर्दीत माणसं खांद्याला खांदा लावून असतात तसे. मध्ये पाणी भरलं आणि धक्का बसला की कण जवळ सरकू बघतात, पण पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. मग सगळा भार पाण्यावर येतो, कणांचे खांदे सुटतात, आणि घट्ट गाळ नदीसारखा वाहू लागतो. कोरडा गाळ असा वाहत नाही. म्हणून या भिंतीचा पहिला नियम आहे, पाणी भिंतीजवळ येऊ द्यायचं नाही. मध्ये कोरड्या गाळाचा दोनशे पावलांचा पट्टा हवाच.

उन्नती बांधावर चढून गेली होती. तिथूनच तिने सांगितलं, "पाणी भिंतीला टेकलंय. पट्टा कुठेच नाही."

हे मला बघायला जायची गरज नव्हती.

दिवाळीनंतर माझा साळा पाहुणा आला होता. त्याला मोठ्या ऐटीत मी हा तलाव दाखवायला नेलं. पाणी कुठे, तर पार मागे, मनोऱ्याभोवती एवढंसं डबकं. बाकी करडा, भेगाळलेला गाळ. साळा म्हणाला, "भाटवे (म्हणजे भावजी), कोहळ्याच्या राखणीत तलाव तळाला गेला?" पुढे एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याने हे चार जणांना सांगितलं. तलाव तुडुंब असणं ही आमच्याकडे अब्रू. त्या महिन्यात मी मनोऱ्यात एक फळी वाढवली. पाणी भिंतीकडे सरकलं, छान चकाकायला लागलं. पुढच्या महिन्यात आणखी एक. मे उजाडेपर्यंत तलाव असा भरला होता की मी साळ्याला फोटो पाठवला.

मॅडम खेकड्याकडे वळल्या होत्या. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर बांधाचा आराखडा उघडला होता. मला वाटलं, पहिल्या पानावर भिंतीचं चित्र असेल. पहिल्या पानावर भिंत नव्हतीच. आमचं गाव होतं. भिंत फुटली तर गाळ कुठे, किती वेळात पोचेल, त्याचा नकाशा. शाळा लाल, अकरा मिनिटं. पिंपळाचा पार लाल, सात मिनिटं. ओढ्याकाठी एक घर होतं, कौलारू, मागे शेळीचा गोठा. त्याच्यावर आकडा होता चार. मी माझं घर यापूर्वी असं वरून कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, फळ्या मी टाकल्या," मी म्हणालो. "सहा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, वैतागून. त्यांना वाटलं, अठरा फुटी माशानंतरची ही पुढची गोष्ट. आणि खेकडा त्याच्या शांत आवाजात बोलला:

"नोंद घेतली. हेमराजजी म्हणतात सहा. ग्राह्य दीड. दोन फळ्यांपर्यंत चालतं. धोका नाही."

"ग्राह्य दीड म्हणजे?" उन्नतीने विचारलं.

खेकड्याने समजावून सांगितलं. हेमराजजींचा अठरा फुटी मासा फोटोत साडेचार फूट निघाला. दोनशे किलोचा फणस पन्नास किलोचा निघाला. त्यावरून तो शिकला की हेमराजजींचा आकडा चाराने भागायचा. पाच महिने मी रोज सकाळी त्याला अभिमानाने सांगत होतो, दोन फळ्या, तीन फळ्या, बघ तलाव कसा डोलतोय. पाच महिने तो भागत होता. आणि गवत उगवलं त्या टोकाच्या दाब मोजायच्या दोन नळ्या महिनाभर बंद होत्या, बदलायच्या यादीत होत्या.

आयुष्यात मी नेमकं जिथे खरं बोललो, तिथेच माझ्यावर विश्वास बसला नाही. शपथ घ्यावी म्हटलं, तर माझ्या शपथांचं गावात काय होतं ते मला ठाऊक होतं.

उन्नती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "आबाजी गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा डावा डोळा बारीक होतो," ती मॅडमना म्हणाली. "आता झालेला नाही. मोजून या."

खेकडा तिरका धावत मनोऱ्यावर गेला. पडद्यावर आकडा उमटला: सहा.

त्यानंतर मॅडमनी भोंगा वाजवला. आराखड्यात लिहिलं होतं कोणी कोणत्या वाटेने टेकडीवर जायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, गुरांची दावी कोण सोडणार. दर सहा महिन्यांनी आम्ही त्याची तालीम करायचो आणि मी तिची टिंगल करायचो. त्या दिवशी सगळं गाव बावीस मिनिटांत टेकडीवरच्या समाजमंदिरात होतं. यातही मी काही वाढवलेलं नाही.

मी म्हणालो, एका दमात सहाही फळ्या उपटतो. मॅडमनी माझा हात धरला. पाणी झपाट्याने उतरलं तर तलावाकडच्या बाजूचा पाण्याचा टेकू जातो आणि भिंतीच्या पोटातलं पाणी आतच अडकतं. भिंत त्याच ओझ्याने घसरू शकते. म्हणून दोन दिवसांना एक फळी. तोवर खाणीतल्या इतर खेकड्यांच्या टोळीने गळतीच्या जागी उलटी गाळणी घातली, आधी वाळू, वर बारीक खडी, वर मोठे दगड. पाणी बाहेर येतं, कण आत राहतात, आणि भिंतीच्या पायावर वजन बसतं.

बारा दिवस आम्ही टेकडीवर काढले. रोज सकाळी मॅडम पेला घेऊन यायच्या आणि आम्ही दीडशे माणसं एका पेल्याकडे बघत बसायचो. रिकाम्या वेळात उन्नतीने त्यांच्याकडून सबंध आराखडा वाचून घेतला. शंभर बैलांचा जोर येणार असेल तर भिंत दीडशे बैल पेलेल अशी बांधायची. आधी खालची जमीन तपासायची. भिंतीच्या पोटात पाणी बाहेर काढणाऱ्या खडीच्या वाटा ठेवायच्या. उंची वाढवताना आतल्या ओल्या गाळावर पाय द्यायचा नाही, बाहेरच्या घट्ट जमिनीवर रुंद व्हायचं. हजारो वर्षांत एखाद्याच वेळी पडेल असा पाऊस धरून वर मोकळा काठ ठेवायचा.

"हे सगळं तर केलंच होतं," उन्नती म्हणाली. "मग चुकलं कुठे?"

"हेमराजजी चुकले. पण एका माणसाची चूक पाच महिने कोणाला दिसली नाही, हा आराखड्याचा दोष आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी तिथेच बसून नवीन पानं लिहायला घेतली. फळीला दोन कुलपं, दोन माणसांकडे. पाणी दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना न विचारता. नळी बंद पडली तर आठवड्याच्या आत नवी. आणि बाहेरच्या, खाणीशी संबंध नसलेल्या इंजिनिअरने दर वर्षी येऊन सगळं उलटंपालटं करून बघायचं.

"पाटीसुद्धा बदला," उन्नती म्हणाली. "तलाव लिहिलं तर आमचे लोक तो भरणारच. त्याला गाळकोठी म्हणा. धान्याच्या कोठीत कोणी पाणी ओतत नाही."

मॅडमनी तो शब्द लिहून घेतला आणि त्याच्याखाली रेघ मारली.

तेराव्या सकाळी पेल्यातलं पाणी असं स्वच्छ होतं की पलीकडची शेळी दिसत होती. भिंत आणि पाणी यांच्यामध्ये कोरडा, करडा पट्टा पडला होता, दोनशे दहा पावलं. तो मी मोजला, मग माझ्या मागून उन्नतीने मोजला. मिरगाला दहा दिवस उरले होते. आम्ही घरी गेलो.

तीस वर्षांनी खाण संपेल. आराखड्याच्या शेवटच्या पानावर आहे की तेव्हा गाळकोठीतलं पाणी काढून घेतील, वर मुरूम आणि माती पसरतील, झाडं लावतील. तिथे हिरवं गवत उगवलं तर मात्र घाबरायचं नाही, त्यात शेळ्या सोडायच्या. उन्नती म्हणते, तोवर तीच इथली इंजिनिअर असेल.

माझी नोकरी राहिली, पण एकट्याची नाही. खेकडा अजून रोज सकाळी गोष्ट ऐकायला येतो. परवा मी त्याला पळसाखाली बसलेल्या दगडाबद्दल सांगितलं. म्हणाला, हेमराजजी, आता मी तुमचं बोलणं दोनानेच भागतो, आणि मग जाऊन बघून येतो.

तो तिरका तिरका पळसाकडे निघाला. मी डावा डोळा बारीक केला.