डाव्या कुशीवरचं इंजिन

डर्ट बाइकचं इंजिन क्वाडमध्ये बसवणं म्हणजे एकाचा जोडा दुसऱ्याच्या पायात घालणं. जातो, पण चावतो.

डर्ट बाइक ही मातीत उड्या मारायची मोटारसायकल. तिचं इंजिन उंच आणि अरुंद. क्वाडला हँडल आणि सीट मोटारसायकलचीच, पण खाली चार चाकं, आणि शर्यतीच्या क्वाडची चासी बुटकी, रुंद. इंजिन आत ठेवलं की किक चासीच्या नळीवर आपटते, सायलेन्सरचं तोंड भलतीकडे बघतं आणि पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मागच्याच्या रेषेत येत नाही. चेन जरा तिरकी धावली की उडालीच. म्हणून इंजिन धरणाऱ्या जुन्या पट्ट्या कापायच्या, नव्या नुसत्या टाके मारून धरायच्या, दहादा सरळ पट्टी लावून बघायचं आणि मगच पक्कं वेल्डिंग.

हे काम क्रेनवाल्यानं आणलं. माझ्याच वयाचा, बांधकामावर क्रेन चालवणारा. गुडघा गेलेला, दोन चाकांवर तोल धरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. इंजिन त्याच्या मुलाच्या बाइकचं. क्वाडची चासी त्यानं भंगारातून शोधून आणली होती.

"एवढा खटाटोप कशाला?" मी म्हटलं. "इंजिनासकट चांगली क्वाड मिळते की."

"हेच इंजिन पाहिजे, मिस्त्री."

मग दाराशी स्टुलावर बसून त्यानं सांगितलं. मुलगा जुन्या खाणीच्या वाटेवर पडला होता. डाव्या कुशीवर, पाय इंजिनाखाली. दुपारभर तसाच. माणसं पोचली तोवर गेलेला. फोन करत होता तो बापालाच.

"मी वर केबिनमध्ये होतो. सकाळीच आमचं वाजलं होतं, या गाडीवरूनच. त्याचं नाव बघितलं आणि म्हटलं, आता गोड बोलेल. वाजू दे. फोन खिशात टाकला." तो हाताच्या तळव्याकडे बघत राहिला. "पडल्या पडल्या कान देत असेल, कुणाची गाडी येते का. मला तिथं एकदा जायचंय. त्याच्याच गाडीच्या आवाजानं. म्हणजे लांबूनच कळेल त्याला."

मी मोजपट्टी उचलली.

माझी सून लेथवर बसते. पट्टी आणि इंजिनामधली फट भरणारे बुश तिनं कातून दिले, पट्ट्या मी बसवल्या. इंजिन असं बसलं की बोटानं चाचपूनही फट सापडेना. तेल मापानं भरलं. क्लचच्या झाकणावर उजव्या बाजूला बटणाएवढी काच असते, तीत तेल अर्ध्यावर दिसायला हवं. दिसलं. मी हात पुसून परत वाकलो तर काच कोरडी.

"मामंजी, चष्मा पुसा," सून म्हणाली. स्वतः वाकली, आणि हसायची थांबली.

तेल काढून मोजलं. भरलं होतं तेवढंच निघालं. पुन्हा भरलं. पुन्हा काच कोरडी.

मग कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. गाडी आडवी पडली की ते तसं ठिबकतं. पण ही तर चार चाकांवर, फरशीवर सपाट उभी. फ्लोट काढून पाहिला, सुई पाहिली. सगळं ठीक. जोडलं की टिप टिप सुरू.

टाकी अजून बसवली नव्हती. असं असलं की आम्ही पेट्रोलची पारदर्शक बाटली वर टांगतो आणि बारीक नळीनं इंजिनाला देतो.

"सलाईन लावलं का?" सून म्हणाली. "वाचेल ना पेशंट?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. क्रेनवाला दाराशीच होता. त्याचं लक्ष बाटलीकडे होतं.

"कललंय," तो म्हणाला.

बाटली सरळच लोंबत होती. आतलं पेट्रोल मात्र डावीकडे चढलेलं. मी दोरी सोडून पुन्हा बांधली. आता ते आणखी चढलं. बघता बघता बाटलीच्या डाव्या अंगाला भिंतीसारखं उभं राहिलं. उजवी बाजू कोरडी.

मी पाणसळ आणली. चासीवर ठेवली, बुडबुडा मधोमध. इंजिनाच्या माथ्यावर ठेवली, बुडबुडा सरकत उजव्या टोकाला गेला आणि तिथंच चिकटला. आणि इंजिन तर त्याच चासीला, त्याच बोल्टांनी घट्ट.

"चासी सरळ आहे," मी म्हटलं.

"चासी आहे," क्रेनवाला म्हणाला. "तो नाही. ओझं कललेलं मला लांबून दिसतं, मिस्त्री. जन्म गेला त्यात."

"मामंजी, काढून टाकू या हे," सून हळूच म्हणाली.

काढायला हवं होतं. चार बोल्ट तर होते. पण त्या माणसाचं तोंड बघून पाना उचलवेना. आजही तो पाना हातात आला की मी तो खाली ठेवतो आणि दुसरा शोधतो.

टाकी बसवली. तो चढून बसला. इंजिन पहिल्याच किकला सुरू झालं.

दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं. आवाज वळणामागे गेला, खाणीच्या चढाला लागला, बारीक झाला.

मग बंद पडला.

आम्ही दोघं दारात उभे. सून म्हणाली, "जाऊन बघू का?"

"थांब," मी म्हटलं.

का म्हटलं, कोण जाणे.

बऱ्याच वेळानं आवाज परत आला. क्वाड दारासमोर थांबली. तो एकटाच होता. सावकाश उतरला आणि दाराच्या चौकटीत ताठ उभा राहिला. कपड्यांच्या डाव्या बाजूला खांद्यापासून घोट्यापर्यंत माती.

मी आधी इंजिनाकडे गेलो. काचेत तेल अर्ध्यावर. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.

"ऐकलं त्यानं," क्रेनवाला म्हणाला. "लांबूनच. म्हणाला, किती उशीर केलात बाबा."

"मग?"

"उठवला. हलका होता हो अगदी."

सुनेनं स्टूल पुढे सरकवलं. "बसा काका."

"नको गं," चौकटीत ताठ उभा असलेला तो म्हणाला. "पडलोय तेच बरं आहे."

त्याचे डोळे भरून आले. उजव्या डोळ्यातलं पाणी गालावर उतरलं नाही. नाकाच्या दांडीवरून आडवं गेलं, डाव्या डोळ्यात मिसळलं, आणि तिथून सरळ रेषेत डाव्या कानाकडे वाहत राहिलं.