आयपीसवरची वाफ

"अहो, तो टॉर्च बंद करा!"

त्याने तिला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य. मागच्या हिवाळ्यात तिचा दादा मित्रांबरोबर तारे बघायला माळावर गेला होता; त्याचा विसरलेला मफलर द्यायला ती तिथे आली, आणि तिच्या पांढऱ्या झोताने अंधाराला सरावलेले सगळ्यांचे डोळे दिपवून टाकले.

"आता अर्धा तास कुणाला काही दिसायचं नाही," तो करवादला. मग जरा नरमून म्हणाला, "तोवर थांबा. चूक तुमची, तेव्हा गप्पाही तुम्हीच मारा."

ती थांबली. पुढे चंद्र नसलेल्या प्रत्येक रात्री थांबत गेली. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, ती दातांची डॉक्टर. "डोळे आणि दात जमले," दादा म्हणायचा, "नाक-कान मिळाले की चेहरा पुरा!"

आज थंडी इतकी, की दुर्बिणीच्या लोखंडी पायाला बोट लागलं तरी चटका बसे. दादा केव्हाच गाडीत जाऊन पांघरुणात शिरला होता.

"नोकरीचं सकाळी कळवायचंय," तो दुर्बिणीत बघत म्हणाला. "दुर्बिणींची भिंगं बनवणारा कारखाना आहे. लांब आहे."

"मग... काय ठरवलंत?"

"तीन हिवाळे मी ती एक फिकट दीर्घिका शोधतोय. आज दिसली, तर इथलं काम संपलं असं समजेन."

"आणि नाही दिसली तर?"

"तर इथे काहीतरी राहिलंय."

तिने हात खिशात आणखी खोल खुपसले. तिला काय हवंय, हे तिला नेमकं ठाऊक होतं – आणि ते बोलायची सोय नव्हती.

"दिसली!" तो एकदम म्हणाला. "बघा, बघा..."

तिने वाकून आयपीसला, दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावला. मधोमध खरंच धूसर ठिपका. पण शेजारच्या ताऱ्याभोवतीही तसंच धुकं होतं, पलीकडच्याही. दवाखान्यात पेशंटच्या तोंडातला छोटा आरसा दिवसभर हेच करतो.

"ही दीर्घिका नाही. आयपीसवर वाफ धरलीय." बोलताना तिला स्वतःचाच संशय आला. "सगळ्याच ताऱ्यांभोवती आहे. तुम्हीच बघा."

त्याने पाहिलं. "वाफच आहे. माझीच."

"तुमची? 'मान वळवून श्वास सोडायचा' हा पहिला धडा तुम्हीच दिला होतात ना मला?"

"इतक्या वर्षांत कधी चुकलो नव्हतो. आज श्वासाकडे लक्ष नव्हतं."

"मग कुठे होतं?"

डोळे न दिपवणाऱ्या लाल दिव्याच्या उजेडात तो आधीच घट्ट असलेला स्क्रू पुन्हा पिळत राहिला.

तिने आयपीस काढला, मुठीत धरून ऊब दिली, परत बसवला आणि डोळा लावला. तारे आता सुईच्या टोकासारखे स्वच्छ. आणि त्यातल्या दोहोंच्या मध्ये, जरा कडेने पाहिलं की... कुणी बोट पुसल्यासारखा एक डाग. तो मात्र त्या ताऱ्यांबरोबरच सरकत होता.

गप्प राहणं किती सोपं होतं! पण 'अजिबात दुखणार नाही' एवढंसुद्धा ती पेशंटशी कधी खोटं बोलली नव्हती.

"आहे," ती म्हणाली. आवाज जरा फाटलाच. "या वेळी खरंच आहे."

तो वाकला. मान वळवून, जपून श्वास सोडला. बराच वेळ पाहत राहिला.

"नाही दिसत."

"अहो, त्या दोन ताऱ्यांच्या मध्ये! थोडं कडेने बघा."

"नाही दिसत." आता तो दुर्बिणीत बघतच नव्हता.

"डोळे तपासून घ्या!"

"चष्मेवाल्याचे डोळे कोण तपासणार?"

"खोटारडा..." तिचं 'अहो' कुठल्या कुठे पळालं. "खोटारडा आहेस तू!"

"आहे," तो म्हणाला, आणि खिशातला तिचा गारठलेला हात त्याने अलगद बाहेर काढून आपल्या मुठीत घेतला – मघाशी तिने आयपीस घेतला होता, तसाच. पृथ्वी आपली फिरत होती. दीर्घिका केव्हाच नजरेच्या चौकटीतून सरकून गेली होती.

गाडीची काच खाली झाली. "काय रे," दादाचा झोपाळलेला आवाज आला, "सापडलं का काही?"

"नाही!" दोघं एकदम ओरडले.