दहा पुड्यांची परीक्षा

सात नंबर आली नाही.

सव्वानऊ झाले तरी दामेश हातकाट्यासमोर बसून होती. बाहेरच्या देशातल्या फार्मासिस्टला कझाकस्तानातल्या अल्माटीत नोकरी हवी असेल, तर आधी नावनोंदणी. नावनोंदणी हवी असेल, तर आधी लेखी परीक्षा आणि मग दामेशसमोर दहा पुड्या. पूड तोलायची, कागदात बांधायची. हल्ली पुड्या कुणी बांधत नाही, औषधं कारखान्यातून येतात. पण पुड्या अभ्यासक्रमातून काढण्यासाठी नेमलेल्या समितीची बैठकच कधी भरली नव्हती. त्या न भरलेल्या बैठकीवर दामेशची नोकरी एकोणसाठाव्या वर्षापर्यंत टिकली होती.

फोन वाजला. पोलीस कॅप्टन येरबोलात. त्याची आई दामेशच्याच इमारतीत राहायची, आणि तो दामेशला 'अपाय', म्हणजे मोठी ताई, म्हणायचा.

"अपाय, तुमच्या परीक्षेचं प्रवेशपत्र असलेली एक बाई इथं वसतिगृहात मेलीय. ओळख पटवायला या."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन पलंग. एकावर मुनव्वरा सत्तोरोवा, वय चौतीस, ताजिकिस्तानातल्या खुजंदची. इस्पितळाच्या औषधघरात अकरा वर्षं हातानं औषधं बनवलेली. अंगावर चादर होती. टेबलावर चहाची किटली, एक उष्टा पियाला, आणि दुसरा धुऊन फडक्यावर पालथा घातलेला. त्यांच्या शेजारी कागदाची रिकामी पुडी.

पुडीला हात न लावता दामेश खाली वाकली. कागद कोनासारखा वळवलेला होता. वरचं टोक अंगठ्यानं आत दाबल्याचा खळगा अजून दिसत होता, फक्त एक कड उलगडली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"आत्महत्या," येरबोलात म्हणाला. "परीक्षेत नापास, विषाची पुडी, चहा. जेवणाच्या आत कागद पुरा होईल."

"नापास कोण? लेखीत तिला ब्याण्णव मिळाले. ते तिथल्या तिथं पडद्यावर दिसतात."

"मग घरची आठवण आली असेल."

"आणि मरण्याआधी पाहुण्याचा पियाला धुतला असेल?"

येरबोलातनं टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात पलंगावरचा फोन थरथरला. पडद्यावर 'आई' असं आलं. कुणी उचलला नाही.

"चौथ्यांदा आला," तो हळूच म्हणाला.

"तू आत्महत्या लिहिलीस, की प्रेताबरोबर तो कागदही खुजंदला जाणार. मग मोहल्ल्यातला मुल्ला जनाज्याच्या नमाजाला उभा राहील?"

"अपाय, मला वरून विचारतात."

"मला बारापर्यंत वेळ दे. वरचे तोवर चहाच पीत असतील."

खोलीत राहणारी दुसरी बाई बाहेर बाकावर बसली होती. परवोना, तीसेक वर्षांची, तीही ताजिकच. डोळे सुजलेले. आज अकराला तिचीही परीक्षा होती, नंबर आठ. परीक्षकबाईंना ती 'मुअल्लिमा', म्हणजे शिक्षिका, म्हणत होती.

"काल संध्याकाळी कुठं होतीस?"

"दुकानात गेले होते, मुअल्लिमा. आठला परत आले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. उठवलं नाही. सकाळी हात लावला तर गार..."

"चहा?"

"मी घेतलाच नाही."

"पुडी?"

"तिनंच बांधली असणार. झोपेतही पुड्या बांधायचे तिचे हात."

चौकीदारीणबाईला मात्र वेगळंच आठवत होतं. सहाच्या सुमारास वर भांडण झालं. पुरुषाचा आवाज रोमान त्सोईचा. परदेशी उमेदवारांच्या कागदांची भाषांतरं करून, नोटरीकडून दोऱ्यानं शिवून, शिक्का मारून आणणारा हाच. ती मयत बाई ओरडत होती, 'मी या कागदावर नाव घालणार नाही!'

रोमान जिन्यातच सापडला. पळायच्या बेतात होता, पण हातात सहा जणांच्या फायली होत्या आणि त्या टाकून पळणं त्याच्या धंद्याला शोभणारं नव्हतं.

"कसला कागद?" येरबोलातनं विचारलं.

"भाषांतरात चूक होती."

"आणि त्यासाठी बाई ओरडते?"

"बायका ओरडतात."

"माझी आई पण बाई आहे. नीट बोल."

दामेशनं पर्समधून एक कोरा कागद आणि खडीसाखरेचा चुरा काढला. "रोमान, याची पुडी बांध."

"मी? दामेश करीमोव्ना, चेष्टा करता का?"

"बांध."

त्यानं कागद लिफाफ्यासारखा चारी बाजूंनी दुमडला, नखानं घड्या दाबल्या, आणि सवयीनं खिशातला सुईदोरा शोधायला लागला. दामेशनं मान हलवली.

"याला सोडू नकोस, पण बेड्याही घालू नकोस. मला परीक्षा घ्यायचीय."

"आत्ता?"

"अकरा वाजताची आहे. मेलेल्या माणसामुळेही परीक्षा पुढे ढकलता येत नाही, नियम तसाच आहे. तू मागच्या बाकावर बस."

परवोनानं पांढरा अंगरखा चढवला. काटा डाव्या हातात बरोबर धरला. पूड तोलली. पहिली पुडी बांधली. कागद अर्ध्यात दुमडला, कडेला बोटभर पट्टी वळवली, दोन्ही टोकं एकमेकांत खोवली. सावकाश, ओठ हलवत. दुसरी तशीच.

"छान," दामेश म्हणाली. "मुनव्वरानं शिकवलं?"

"नाही... हो, थोडंसं."

तिसरी.

"घरी कोण असतं?"

"आई. बाजारात बसते. जिरं, धणे, सुकी मिरची."

"तूही बसायचीस?"

"लहानपणापासून." चौथी पुडी. "सणाच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसायची."

"नोंदणी झाली की आईला इकडे आणशील?"

"तिचे गुडघे गेलेत, मुअल्लिमा. थंडीत जमिनीवर बसवत नाही आता तिला. तिला एकदा तिथून उठवलं की..." हात थांबले नाहीत. पाचवी. सहावी. सातवी.

दामेशनं पुड्यांच्या रांगेकडे बोट केलं. परवोनानं खाली बघितलं.

पहिल्या तीन पुड्या चपट्या, टोकं खोवलेल्या. पुढच्या चार कोनासारख्या वळवलेल्या, वरचं टोक अंगठ्यानं आत दाबलेलं.

येरबोलात मागच्या बाकावरून उठला. त्याच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वसतिगृहातली पुडी होती. त्यानं ती आठवी म्हणून रांगेत ठेवली. फरक कुणालाच सांगता आला नसता.

"आमच्याकडे पहिल्या वर्षाला पाचशे पुड्या बांधून घेतात," दामेश म्हणाली. "पुढे माणूस नवऱ्याचं नाव विसरेल, ही चपटी घडी विसरणार नाही. मुनव्वरानं अकरा वर्षं तीच घातली. मरायच्या घाईतही तिच्या हातून कोन वळला नसता. कोन मसाल्याच्या दुकानातला. तू फार्मासिस्टची घडी पाठ केलीयस, पण मन दुसरीकडे गेलं की हात आईच्या दुकानात जाऊन बसतात. काल संध्याकाळी मन कुठं होतं, ते मी विचारत नाही."

"पुडीवरून फाशी देता का?" परवोना म्हणाली. आवाज आता बाजारातला होता.

"नुसत्या पुडीवरून नाही. काल चहा दोघींनी घेतला. तू पियाला धुतलास, कारण त्या खोलीत तू नव्हतीस असं तुला दाखवायचं होतं. बाहेरचा पाहुणा पियाला धुऊन तुमच्या फडक्यावर पालथा घालत नाही. आणि कारण रोमान सांगेल. काय रे?"

येरबोलातनं बरोबर आणून दारात उभ्या केलेल्या रोमाननं फायली छातीशी धरल्या. "हिची पदवी... मी जमवलेली. संस्थेच्या दफ्तरात हिचं नाव सापडत नव्हतं. मग 'ही आमच्या वर्गात होती' असं वर्गातल्या कुणीतरी लिहून द्यावं लागतं. वर्ष जुळत होतं, म्हणून मुनव्वराकडे नेलं. ती म्हणाली, आम्ही एक्केचाळीस जणी होतो, सगळ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. आणि उद्या परीक्षकबाईंना सांगणार."

"म्हणजे आज," दामेश म्हणाली. "मला. नऊ वाजता."

परवोनानं उरलेले तीन कागद सरळ केले, एकावर एक ठेवले.

"एक सही मागितली होती," ती म्हणाली. "फक्त एक. पाया पडले तिच्या. ती म्हणाली, तू कुणाला तरी चुकीचं औषध देशील."

येरबोलातनं तिला नेलं. जाताना तिनं अंगरखा काढून घडी करून खुर्चीवर ठेवला. तो परीक्षा केंद्राचा होता.

दामेशनं गुणपत्रक पुढे ओढलं. आठ नंबर: अनुत्तीर्ण. सात नंबरच्या रकान्यात, न आलेल्या उमेदवारासाठी, दोनच पर्याय छापलेले होते, अनुत्तीर्ण किंवा गैरहजर. तिनं गैरहजरवर खूण केली. 'कारण' या रकान्यात लिहिलं: सत्य सांगायला येत होती.

दुपारी येरबोलात परत आला. त्यानं जुना कागद फाडला होता, नव्यावर 'खून' लिहिलं होतं. त्याच्या हातात मुनव्वराचा फोन होता, पुन्हा थरथरत.

"अपाय, तुम्ही उचला. मला जमणार नाही."

दामेशनं उचलला. पलीकडून एक म्हातारा आवाज घाईघाईनं काहीतरी विचारत होता. पोरीनं पुड्या नीट बांधल्या का, एवढं कळलं.

"खोलाजान, मावशी," दामेश म्हणाली, "आधी बसा. आणि पहिली गोष्ट ही ऐका, बाकीची नंतर. तिनं स्वतःच्या हातानं काही केलेलं नाही."